‘फ्युसिस’चं मूळ आणि फूल

‘नैसर्गिक’ आणि ‘अनैसर्गिक’ यांवरून आपल्याकडे वाद पेटला की हल्ली एक परका शब्द साक्षीदार म्हणून हमखास उभा केला जातो: फ्युसिस. निसर्गासाठीचा प्राचीन ग्रीक शब्द. मध्यंतरी एका अभ्यासवर्गात मी हा वाद तीन तास बसून ऐकला. एक बाजू म्हणत होती, फ्युसिसचा मूळ अर्थ ‘वाढणं’. ग्रीकांना सृष्टी जिवंत, उमलती दिसत होती, रोमनांनी तिचं ‘नातुरा’ असं भाषांतर केलं आणि तिथून युरोप निसर्गाला निर्जीव माल समजू लागला. दुसरी बाजू म्हणत होती, फ्युसिस म्हणजे वस्तूचा जन्मजात, अढळ स्वभाव. त्याच्या विरुद्ध जाईल ते अनैसर्गिक, आणि हे खुद्द ग्रीक सांगून गेलेत. मागच्या रांगेतून तिसरा आवाज आला: शब्द मुळात आपलाच, संस्कृत ‘भू’ धातूचा, मग ग्रीकांना विचारायचं कशाला? तिघेही मनापासून बोलत होते. पण हा शब्द कोणी, कुठल्या वाक्यात, कोणाला उत्तर देताना वापरला, हे तीन तासांत एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. ‘ही गोष्ट अशी कशी झाली?’ हा प्रश्न फ्युसिस या शब्दाच्या पोटात आहे. ग्रीकांमध्ये ज्याने ज्याने त्याचा निवाडा म्हणून वापर केला, त्याला दुसऱ्या कुणा ग्रीकाने तोच शब्द घेऊन उलट उत्तर दिलं. व्युत्पत्ती जाणून घ्यावी, त्यात मोठा आनंद आहे. पण माणसांनी आज कसं जगावं याचा हुकूम तिच्यातून निघत नाही. ‘मूळ अर्थ तोच खरा अर्थ’ हे त्या दिवशी तिन्ही बाजूंनी न तपासता धरून चाललं होतं, आणि वाद तिथेच नासला.

आपल्यापर्यंत पोचलेल्या ग्रीक वाङ्मयात हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो ‘ओडिसी’च्या दहाव्या सर्गात. होमरच्या दोन्ही महाकाव्यांत मिळून तो एवढ्या एकाच ठिकाणी आहे. किर्की या चेटकिणीने ओडिसियसच्या सोबत्यांची डुकरं करून ठेवली आहेत आणि तो एकटाच तिच्या घराकडे निघाला आहे. वाटेत हर्मीस देव कोवळ्या तरुणाच्या रूपात त्याला अडवतो, जमिनीतून एक झुडूप उपटतो आणि त्याची फ्युसिस दाखवतो: मुळाशी काळं, फूल दुधासारखं. देव त्याला ‘मोली’ म्हणतात. माणसांना ते खणून काढणं अवघड, देवांना सगळंच जमतं. इथे फ्युसिसचा अर्थ काय घ्यायचा? रूप, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, कारण पुढे वर्णन येतं ते रंगांचंच. पण नुसतं रूप दाखवायचं तर झुडूप उपटायचं कारण काय? फूल तर उभ्या झाडावरही दिसतं. हर्मीसला दाखवायचं आहे ते मातीखालचं. काळ्या मुळातून निघून पांढऱ्या फुलापर्यंत जे पोचलं, त्या सगळ्याला कवीने एक शब्द दिला. आणि ते ओळखण्यावर ओडिसियसचं माणूस राहणं अवलंबून आहे.

आता व्युत्पत्तीकडे येऊ, कारण मराठी वाचकाला तिची गोडी इतर कुणापेक्षा जास्त चाखता येते. फ्युसिस हे नाम ‘फ्यूओ’ या क्रियापदाचं. अर्थ उगवणं, उगवून आणणं, वाढणं. ‘फ्युतॉन’ म्हणजे रोप. त्या काळच्या ग्रीकांचा ‘फ’ ओठ मिटून निघणारा, आपल्या ‘फळ’मधला होता, ‘फॅन’मधला नव्हे. संस्कृतात जिथे ‘भ’ तिथे ग्रीकमध्ये हा ‘फ’ येतो: भ्राता–फ्रातेर, भरति–फेरेइ, नभस्–नेफोस. त्याच नियमाने भू–फ्यू. लॅटिनमधलं ‘फुई’ म्हणजे ‘मी होतो’, जर्मन ‘बिन’ आणि इंग्रजी ‘बी’ ही त्याच घरातली. आणि आपण? संस्कृत ‘भवति’चं प्राकृतात ‘होइ’ झालं आणि मराठीत ‘होणे’. ‘भूमी’ची ‘भुई’ झाली. म्हणजे स्वयंपाकघरातून ‘होतंय, होतंय’ असा आवाज येतो तेव्हा फ्युसिसचं सख्खं भावंड बोलत असतं. ‘फिजिक्स’ हा शब्द फ्युसिसवरून आला. आपण त्याला ‘भौतिकशास्त्र’ म्हटलं ते ‘भूत’वरून, आणि ‘भूत’ पुन्हा ‘भू’चंच. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांच्या मनात पंचमहाभूतं होती, ग्रीक धातू नव्हता. तरी दोन्ही शब्द एकाच मुळावर येऊन टेकले.

त्यामुळे मागच्या रांगेतल्या त्या गृहस्थांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. उरलेलं अर्धं मान्य नाही. भाषांचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात सांगितलं ते संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान, बहुधा लुप्त झालेल्या भाषेतून निघाल्या असं. त्यानंतरच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या अभ्यासाने ते पक्कं केलं आहे. भावंडांना एकमेकांची लेकरं ठरवायचं काम आपण का करावं? आणि मुळाकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसते, जी पहिल्या बाजूला अडचणीची आहे. या कुटुंबातल्या बहुतेक भावंडांचा अर्थ ‘होणं’ किंवा ‘असणं’ असा आहे. ‘उगवणं, वाढणं’ हा अर्थ ठळकपणे दिसतो तो ग्रीकमध्ये. मग ‘मूळ अर्थ वाढणं’ असं म्हणताना मूळ म्हणजे कुठलं? होमरपाशी थांबायचं की त्याच्याही हजारो वर्षं मागे जायचं? जिथे आपल्या सोयीचा अर्थ सापडतो तिथे थांबून ‘हेच मूळ’ म्हणणं ही व्युत्पत्ती नव्हे.

खुद्द ॲरिस्टॉटलला हे कळत होतं. ‘मेटाफिजिक्स’च्या पाचव्या भागात तो या शब्दाचे अर्थ एकामागून एक मांडतो. पहिला अर्थ वाढणाऱ्या वस्तूंची उत्पत्ती, आणि लगेच म्हणतो: जणू कोणी ‘यू’ दीर्घ उच्चारला तर. फ्यूओमध्ये स्वर दीर्घ, फ्युसिसमध्ये ऱ्हस्व. ऱ्हस्व-दीर्घावरून आयुष्यभर भांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी या वाक्यापाशी थोडं थांबावं. त्याच्या काळच्या ग्रीकाला फ्युसिस ऐकताना ‘वाढणं’ आपोआप ऐकू येत नव्हतं. ते ऐकवायला स्वर ताणून दाखवावा लागत होता. शिवाय ‘पॉलिटिक्स’मध्ये हाच माणूस सांगतो की वस्तूची घडण पूर्ण झाल्यावर ती जशी असते, तिला आपण तिची फ्युसिस म्हणतो, माणसाची, घोड्याची, घराची. घराचीसुद्धा! म्हणजे फ्युसिस शोधायला तो बीजाकडे न जाता पिकलेल्या फळाकडे जातो. शब्दाच्या बीजात शब्दाचा सगळा अर्थ भरलेला असतो असं मानणाऱ्यांनी निदान ॲरिस्टॉटलला साक्षीला बोलावू नये.

रोमनांवरचा आरोप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो करणारा माणूस साधासुधा नव्हता. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांनी १९३५ साली फ्रायबुर्गमधल्या व्याख्यानांत मांडलं की फ्युसिस म्हणजे आपोआप उमलून येणं, उघड्यावर येऊन टिकणं; ‘नातुरा’ या भाषांतराने त्या शब्दाची मूळ ताकद गेली. त्यांच्यामुळे अनेकांना हेराक्लिटससारखे जुने ग्रीक पुन्हा नव्याने वाचावेसे वाटले, आणि हे ऋण मी मानते. पण भाषांतराने जीव घेतला हा दावा तपासला की उसवतो. ‘नातुरा’ येतो जन्मण्याच्या क्रियापदावरून, आपल्या ‘जन’ धातूच्या लॅटिन भावंडावरून. जन्मणं काय निर्जीव असतं? रोमन कवी ल्युक्रेशियसने याच शब्दाखाली जी सृष्टी उभी केली ती अंकुरांनी आणि पिल्लांनी भरलेली आहे. दुसरं, हायडेगर फ्युसिसचा संबंध ‘फा’ या मुळाशी, म्हणजे प्रकाशणं, दिसणं याच्याशी जोडू पाहतात. इथे तर संस्कृत जाणणाऱ्या कुणालाही बोट ठेवता येईल: भू वेगळा, भा वेगळा. भवति म्हणजे होतो, भाति म्हणजे झळकतो. ग्रीकमधले फ्यू आणि फा तसेच दोन वेगळ्या घरांचे. कल्पना सुंदर आहे, पण तिचा भार व्युत्पत्ती पेलत नाही. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं: ज्याला हायडेगरवादी अर्थाची झीज म्हणतात ती रोमच्या कितीतरी आधी, ग्रीकांच्या तोंडीच झालेली आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इजिप्तमधली सुसर वर्णन करायला घेतो आणि म्हणतो, सुसरीची फ्युसिस अशी. पुढे येतं ते ती काय खाते, अंडी कुठे घालते, जबडा कुठला हलवते. उमलणं वगैरे त्यात काही नाही. प्राणी कसा आहे एवढंच. हे रोमन भाषांतराच्या कितीतरी पिढ्या आधीचं आहे.

भाषांतराने अर्थ मरतो, यापेक्षा तो नवी वाट धरतो असं म्हणणं मला जास्त खरं वाटतं, आणि याचा पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. बगदादमध्ये नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक, त्यांचा मुलगा इसहाक आणि त्यांच्या भोवतीच्या मंडळींनी ग्रीक वैद्य गॅलेन आणि ॲरिस्टॉटल अरबीत आणले. फ्युसिससाठी शब्द होता ‘तबीआ’, ज्याच्या मुळाशी ठसा उमटवण्याची कल्पना आहे. वाढीचं चित्र गेलं, शिक्क्याचं आलं. पण ग्रीक वैद्य फ्युसिस हा शब्द माणसाच्या शरीरघडणीसाठी वापरत, आणि तो अर्थ या नव्या शब्दात शाबूत राहिला. तोच शब्द अरबीतून फारसीत, फारसीतून आपल्याकडे आला: तबियत, तब्येत. आणि त्याच्या शेजारी संस्कृतातून आलेला ‘प्रकृती’ बसला; तोही सृष्टीचा शब्द आणि तोही शरीराचा. कुणाच्या घरी गेल्यावर ‘काकांची तब्येत कशी आहे?’ असं आपण विचारतो तेव्हा एक ग्रीक वैद्यकीय कल्पना बगदादमार्गे आपल्या ओसरीवर आलेली असते. ‘व्याधींवर वैद्य म्हणजे प्रकृतीच’ अशा अर्थाचं वाक्य ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथांत आहे, आणि तिथेही शब्द फ्युसिसच आहे.

पहिल्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी पूर्ण स्वीकारते. फ्युसिसचं भाषांतर डोळे झाकून ‘निसर्ग’ केलं तर जुने ग्रीक आपल्याला कळणारच नाहीत. ‘फ्युसिसला लपायला आवडतं’ हे हेराक्लिटसचं वाक्य घ्या. डोंगर, झाडं, नद्या असं काही मनात आणून वाचलं तर ते पर्यटनाच्या माहितीपत्रकात शोभेल. हेराक्लिटस बोलतो आहे ते वस्तू आतून कशी आहे, कशी घडली, याबद्दल, आणि ते सहजासहजी उघडं होत नाही असं सांगतो आहे. एम्पेडोक्लिसचं तर आणखी कठीण. तो म्हणतो, मर्त्य वस्तूंपैकी कशालाही फ्युसिस नाही, मरणात शेवटही नाही. आहे ते फक्त मिसळणं आणि मिसळलेल्याचं वेगळं होणं, फ्युसिस हे माणसांनी ठेवलेलं नाव. ‘निसर्ग नाही’ असं वाचलं तर हे वेड्याचं बोलणं वाटेल. ‘शून्यातून होणं असं काही नसतं’ असं वाचलं की पुढच्या सगळ्या पदार्थविचाराचा पाया दिसतो. मला विचाराल तर मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळ ‘स्वभाव’ जातो. स्व आणि भाव. आणि भाव पुन्हा ‘भू’चा. पण स्वभाव म्हटलं की लगेच कानात येतं ‘स्वभावाला औषध नाही’, आणि आपण दुसऱ्या बाजूच्या अंगणात जाऊन पोचतो.

ती दुसरी बाजू मला जास्त काळजीची वाटते, कारण तिच्यामागे सत्ता उभी राहते. तिचा सर्वांत जोरदार दाखला अँटिफॉन या ग्रीक विचारवंताचा आहे आणि तो खरोखर चांगला आहे. लाकडाचा पलंग जमिनीत पुरा. कुजता कुजता त्याला फुटायची ताकद आलीच, तर वर येईल ते लाकूड, पलंग नव्हे. म्हणजे पलंग हा माणसाने वरून चढवलेला आकार, लाकूड ही फ्युसिस. ॲरिस्टॉटलने ‘फिजिक्स’च्या दुसऱ्या भागात हा दाखला जपून ठेवला. कोकणात ज्यांच्या परसात हापूसचं कलम आहे त्यांना हे पुस्तक न उघडताही ठाऊक असतं. आमच्या घरामागच्या कलमाला जोडाच्या खाली दर पावसाळ्यात फुटवे येतात, तांबूस, तरतरीत. ते खुंटाचे, वाढू दिले तर रायवळ आंबा होईल, हापूस नव्हे. दरवर्षी कोयत्याने ते काढावे लागतात. कापताना मला अँटिफॉनचं म्हणणं पटतंच. पण मान वर केली की तेच झाड हापूसने लगडलेलं दिसतं. आत रस एकच चढतो आहे, खुंटाच्या मुळांनी ओढलेला. या झाडाची फ्युसिस कुठली? जोडाखालची की जोडावरची? ‘मुळात जे होतं ते’ असं उत्तर द्यायचं तर फळाचं काय करायचं?

ग्रीकांनाही हे सुचलं नसेल असं नाही. ‘हवा, पाणी, जागा’ या हिप्पोक्रॅटिक ग्रंथात लांब डोक्याच्या एका जमातीची हकीकत आहे. मूल जन्मलं की त्याचं मऊ डोकं हातांनी दाबून, पट्ट्या बांधून लांबट करायची त्यांची चाल होती. लेखक म्हणतो, सुरुवातीला हे रूढीने घडलं, पुढे काळाच्या ओघात ते फ्युसिसमध्ये उतरलं, आणि रूढीच्या जबरदस्तीची गरज उरली नाही. पुढे म्हणतो, आता लोकांच्या सरमिसळीमुळे ती रूढी सैल पडली, आणि डोकीही पूर्वीसारखी राहिली नाहीत. आजच्या आनुवंशिकीला हे मान्य होणार नाही. पण शब्दाचा वापर पाहा. फ्युसिस ही घडू शकते, रूढी तिच्यात मुरू शकते, आणि मुरलेली पुन्हा विरघळू शकते, असं एक ग्रीक वैद्य शांतपणे लिहून जातो. ‘अढळ स्वभाव’ कुठे राहिला?

रूढीला ग्रीक शब्द ‘नोमॉस’, आणि इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये नोमॉस विरुद्ध फ्युसिस हा वाद जोरात होता. त्याच काळातल्या अँटिफॉनचे काही तुकडे इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथल्या कचऱ्याच्या ढिगांतून निघालेल्या पपायरसवर सापडले. त्यात तो म्हणतो की ग्रीक आणि परके, आपण सगळे फ्युसिसने सारखेच घडलो आहोत. सगळे तोंडाने आणि नाकाने हवा घेतो. अल्किडामास हा वक्ता म्हणाला, देवाने सर्वांना मोकळं सोडलं, फ्युसिसने कुणालाच गुलाम केलं नाही. वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच शब्दाने प्लेटोच्या संवादातला कॅलिक्लिस म्हणतो की बलवानाने दुबळ्यापेक्षा जास्त घ्यावं हा फ्युसिसचा न्याय, पाहा जनावरांकडे. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये मिलॉस बेटावर अथेन्सचे दूत सांगतात, जिथे बळ चालेल तिथे राज्य करणं ही फ्युसिसची सक्ती, हा कायदा आम्ही केलेला नाही. बोलणी फिसकटली, वेढा पडला, आणि शेवटी मिलॉसच्या हाती लागलेल्या पुरुषांना ठार करून बायकामुलांना गुलाम म्हणून विकलं. एकच शब्द, एकच शहर, फार तर दोन-तीन पिढ्या. नाकाकडे बोट दाखवायचं की सिंहाकडे, हे फ्युसिसने सांगितलं नव्हतं. ते बोट माणसाचं होतं.

ॲरिस्टॉटलचा ‘स्वभावतः गुलाम’, म्हणजे गुलामीसाठीच घडलेला माणूस, याच वाटेवरचा. त्याच्याबद्दल मला आदर आहे, म्हणून हे पान मला फार बोचतं. तो म्हणतो, मोकळ्या माणसाचं आणि गुलामाचं शरीर वेगळं घडवायचा निसर्गाचा मानस असतो. आणि पुढच्याच वाक्यात कबूल करतो की पुष्कळदा उलटंच घडतं. पुरावा समोर नापास झाला, निरीक्षकाने तो नोंदवलाही, पण सिद्धांत जागचा हलला नाही. अठराशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, १५५० साली, स्पेनमधल्या वायादोलिद इथे सेपुल्वेदा या विद्वानांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांविरुद्ध तोच सिद्धांत उभा केला आणि लास कासास या धर्मगुरूंना त्या माणसांची गावं, कायदे, कसब यांचे दाखले देत तो खोडावा लागला. आपल्याकडेही गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कर्मं ‘स्वभावप्रभव’ गुणांनी वाटलेली आहेत, आणि त्या शब्दाच्या आधाराने कुणाला पाण्यापासून आणि अक्षरापासून दूर ठेवलं गेलं हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. स्वभाव हा शब्द ‘कसा झाला?’ असं न विचारता वापरला, की तो नेहमी वरच्याच्या बाजूने साक्ष देतो.

‘अनैसर्गिक’ या शब्दाचंही कूळ असंच ग्रीक आहे: ‘पारा फ्युसिन’, फ्युसिसच्या पलीकडे किंवा विरुद्ध. प्लेटोने ‘लॉज’मध्ये तो समलिंगी संबंधांसाठी वापरला, संत पॉल यांनी रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात. पुढे लॅटिन धर्मशास्त्र, मग इंग्लंडचा कायदा, आणि १८६० साली भारतीय दंडसंहितेचं कलम ३७७: निसर्गक्रमाविरुद्ध. दीडशेहून अधिक वर्षं या दोन शब्दांच्या जोरावर माणसं घाबरून जगली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द ठरवलं. ‘पारा फ्युसिन’चा आधार घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे: पॉल यांचं तेच पत्र अकराव्या अध्यायापर्यंत वाचा. तिथे रानजैतुनाची फांदी कापून मशागतीच्या जैतुनावर कलम केली जाते, आणि हे कलम करणारा खुद्द देव आहे. शब्द कुठला येतो? ‘पारा फ्युसिन’. ज्या शब्दाने पहिल्या अध्यायात दोष दाखवला, त्याच शब्दाने अकराव्यात देवाच्या कृपेचं वर्णन होतं. आणि करिंथकरांना लिहिताना हेच पॉल विचारतात, पुरुषाने लांब केस ठेवणं लज्जास्पद आहे हे फ्युसिस स्वतःच शिकवत नाही का? केस तर सोडून दिले की आपोआप वाढतात. फ्युसिसचं मूळ ‘वाढणं’ असेल तर ती इथे नेमकं काय शिकवते आहे? तो त्या काळच्या पुरुषांचा रिवाज होता, आणि रिवाजाला फ्युसिसचं नाव मिळालं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा: निसर्गाचा आधारच काढून घेतला तर उरतं काय? नुसती रूढी, नुसती सत्ता, ज्याच्या हाती काठी त्याचा कायदा. अँटिफॉन आणि अल्किडामास यांना तरी जुलमी रूढीविरुद्ध उभं राहायला फ्युसिसशिवाय दुसरी जागा कुठे होती? हा आक्षेप मला टाळता येत नाही, आणि टाळायचाही नाही. फ्युसिस हा शब्द टाकून द्या असं मी म्हणतच नाही. तो ज्या रीतीने सर्वांत चांगला वापरला गेला ती रीत उचला, एवढंच म्हणते. अँटिफॉनने समतेसाठी नुसती फ्युसिसची शपथ घेतली नाही. नाक आणि तोंड दाखवलं, कोणालाही पडताळता येईल असं. लास कासास यांनी गावं आणि कायदे दाखवले. आणि माझ्या मते या शब्दाचा सर्वांत धाडसी वापर झाला तो अपस्मारावरच्या एका छोट्या ग्रीक ग्रंथात.

अपस्माराला तेव्हा ‘पवित्र रोग’ म्हणत. झटका आला की मांत्रिक बोलावत. रोगी बकऱ्यासारखा ओरडला तर अमुक देवीचा कोप, घोड्यासारखा ओरडला तर तमुक देवाचा. शुद्धीकरण, मंत्र, अमुक खाऊ नका, काळं वस्त्र नेसू नका. हा वैद्य लिहितो: हा रोग इतर रोगांपेक्षा जास्त दैवी नाही, जास्त पवित्र नाही, इतरांसारखीच यालाही फ्युसिस आहे आणि कारण आहे. मग तो सांगतो, शेळ्यांना हा रोग फार होतो; अशा शेळीचं डोकं फोडून पाहा, मेंदू ओला, पाण्याने भरलेला आणि दुर्गंधीचा सापडेल, म्हणजे शरीर बिघडवतो तो देव नसून रोग. त्याचं शरीरशास्त्र चुकीचं होतं. कफ शिरांत उतरतो वगैरे आज कोणी मानणार नाही. पण ‘याला फ्युसिस आहे’ हे वाक्य उच्चारल्यावर तो काय करतो, हे पाहा. तो बोलणं थांबवत नाही, तपासायला लागतो. ‘हे अनैसर्गिक आहे’ म्हणणारे नेमक्या याच जागी तोंड फिरवतात. आकडी येणाऱ्या मुलाला आजही कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाते. त्या घरात हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा वैद्य अजून पोचायचा आहे.

आणि मोलीचं काय झालं? ॲरिस्टॉटलनंतर लायसियम या त्याच्या शाळेची धुरा थिओफ्रास्टसकडे आली. त्याने वनस्पतींवर लिहिताना त्या देवांच्या झुडपाचीही चौकशी केली. आर्केडियातल्या फेनिओसच्या आसपास आणि किल्लिनी डोंगरावर ते उगवतं, त्याने नोंदवलं. मूळ गोल, कांद्यासारखं, पानं रानकांद्यासारखी. विषावर उतारा म्हणून आणि चेटकाविरुद्ध लोक ते वापरतात. सगळं वर्णन होमरच्या मोलीशी मिळतंजुळतं, असं सांगून त्याने पुढे एक ओळ जोडली: मात्र होमर म्हणतो तसं ते खणून काढायला अवघड नाही.